दहा-वीसच्या दोन धातूंच्या नाण्यांमधले एरर कसे शोधायचे आणि खरे कसे ओळखायचे

‘हे दहाचं नाणं तुमच्याकडे असेल तर लखपती व्हाल’ टाइपचे व्हिडिओ बघून गल्ला उपसणारे खूप आहेत आणि त्यातल्या बहुतेकांच्या हाती काहीच लागत नाही, कारण शोधायचं काय तेच माहीत नसतं. नाण्यावरची किरणं दहा की पंधरा, खाली चौकट आहे की टिंब, असलं काहीतरी बघत बसतात आणि ते एरर, म्हणजे टाकसाळीत नाणं बनताना झालेल्या चुका, नसतातच. खरे एरर मात्र चालू नाण्यांत सापडतात, दोन धातूंच्या नाण्यात तर जरा जास्तच, कारण तिथे एका ऐवजी दोन तुकडे बरोबर जागेवर बसावे लागतात, म्हणजे चुकायला जागा दुप्पट.

म्हणून पहिलं काम, नाणं बनतं कसं ते नीट समजून घ्या. हे टाळून पुढे गेलात तर आयुष्यभर दुसऱ्याला फोटो पाठवून ‘भाऊ हे एरर आहे का’ विचारत बसाल.

टाकसाळीत काय होतं

दहाच्या नाण्याचं बाहेरचं पिवळं कडं आणि मधली पांढरी चकती हे वेगवेगळ्या पत्र्यांतून कापलेले दोन कोरे तुकडे असतात. कड्यासाठी आधी अख्खा गोल कापायचा, मग मधोमध भोक पाडायचं. चकती त्या भोकापेक्षा किंचित लहान ठेवतात म्हणजे ती आत सहज पडते. मग ही जोडी प्रेसमध्ये जाते, खाली एक डाय (नक्षी कोरलेला पोलादी ठसा), वर एक डाय, भोवती कॉलर नावाची पोलादी रिंग, आणि ठोका बसला की एकाच दाबात तीन गोष्टी होतात: दोन्ही बाजूंची नक्षी उमटते, कॉलरमुळे कड तयार होते, आणि चकतीचा धातू बाजूला पसरून कड्यात घट्ट बसतो. गोंद नाही, वेल्डिंग नाही, फक्त दाब.

ह्या एका गोष्टीतून सगळ्यात कामाचा नियम निघतो, तो पाठच करा. दोष आधी आणि ठोका नंतर असेल तर नक्षी दोषाच्या वरून गेलेली दिसते. ठोका आधी आणि दोष नंतर असेल तर दोष नक्षीच्या वरून गेलेला दिसतो. पहिलं टाकसाळीचं, दुसरं बाहेरचं. पुढे जे काही सांगतोय ते बरंचसं ह्याच प्रश्नाची वेगवेगळी रूपं आहेत.

आधी नॉर्मल नाणं ओळखा

इटलीने १९८२ मध्ये ५०० लिरांचं दोन धातूंचं नाणं चालू केलं तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली. आपल्याकडे पहिल्या दहाच्या नाण्यावर साल २००५ आहे पण लोकांच्या हातात ती २००९ मध्ये आली. व्यास २७ मिमी, वजन ७.७१ ग्रॅम, त्यातलं कडं ४.४५ आणि चकती ३.२६. हे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. २०१९ च्या नव्या सिरीजमधलं दहाचं नाणं ७.७४ ग्रॅमचं आहे. त्याच सिरीजमधलं वीसचं नाणं बारा कोनांचं, ८.५४ ग्रॅम, आणि रंग उलटे, बाहेर पांढरं आत पिवळं. वीसच्या नाण्याच्या कडेला दाते नसतात, त्यामुळे ‘दाते गायब’ म्हणून कुणी विकायला आला तर हसून सोडून द्या.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की तोपर्यंत दहाच्या नाण्याच्या १४ डिझाइन निघाल्यात आणि सगळ्या चालतात. दहा किरणंवालं आणि पंधरा किरणंवालं ही त्यातलीच दोन, ना एक खोटं ना दुसरं एरर. शिवाय स्मारक नाणी आहेत, होमी भाभा जन्मशताब्दी, रिझर्व्ह बँकेची ७५ वर्षं, संसदेची ६० वर्षं, वैष्णोदेवी, आंबेडकर १२५ वी जयंती, योग दिवस वगैरे. नवख्या माणसाला ह्यातलं एखादं पहिल्यांदा दिसलं की वाटतं कायतरी भलतंच छापलंय. इंग्लंडमध्ये पण हाच प्रकार झालेला, १९९७ सालच्या दोन पाउंडाच्या नाण्यावर राणीच्या गळ्यात नेकलेस दिसतो म्हणून ते लय दुर्मिळ अशी अफवा उठली, खरं म्हणजे त्या सालच्या सगळ्याच दोन पाउंडांवर तो नेकलेस आहे.

आता मिंटमार्क, म्हणजे नाणं कुठल्या टाकसाळीचं ते सांगणारी खूण. सालाच्या खाली चौकट म्हणजे हिरा असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. कोलकात्याचं चिन्ह नसतंच, त्यामुळे ‘मिंटमार्क नसलेलं दुर्मिळ नाणं’ हा धंदा बहुतेक वेळा कोलकात्याचं साधं नाणं विकण्याचा धंदा असतो. हां, कधीकधी डायच्या खळग्यात वंगण आणि धातूची भुकटी भरून बसते आणि मुंबईचा हिरा उमटतच नाही, असं होऊ शकतं, पण मग शेजारचे आकडे किंवा अक्षरंही फिकट दिसायला पाहिजेत. बाकी सगळं खणखणीत आणि फक्त हिरा गायब असेल तर ते कोलकात्याचं आहे, नाहीतर कुणीतरी घासलंय.

सामान

फार खर्च नाही. दहा पट मोठं दाखवणारी लूप, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा (सोनारांच्या दुकानी असतो तसला, ऑनलाइन स्वस्तात मिळतो), व्हर्नियर कॅलिपर, एक साधा लोहचुंबक, कंपासपेटीतला पारदर्शक कोनमापक, आणि वाकवता येईल असा टेबललॅम्प. लॅम्प सगळ्यात महत्त्वाचा. प्रकाश वरून सरळ टाकला की नाणं नुसतं चकाकतं, काही कळत नाही. लॅम्प खाली आणून उजेड तिरका पाडला की उंच-सखल भाग लगेच उठून दिसतो आणि उंचवटा आहे की खड्डा आहे हे कळणं हीच अर्धी लढाई असते.

नाणी आणायची कुठून

ज्यांना दहाची नाणी नकोशी झालीत त्यांच्याकडून. महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी आजही दुकानदार दहाचं नाणं घेत नाहीत, चालत नाही म्हणतात, त्यामुळे ज्यांच्याकडे साठतात ते सुट्ट्याच्या बदल्यात नोट मिळाली की खूश होतात. पानटपरी, दूधवाला, पार्किंगवाला, देवस्थानाच्या दानपेटीची मोजणी करणारी मंडळी, ओळखीचा बँक कॅशियर. बँकेकडून थेट टाकसाळीची नवीन पिशवी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण एकाच डायमधली भरपूर नाणी एकदम बघायला मिळतात आणि नवी असल्यामुळे बाहेरच्या मारझोडीचा प्रश्न कमी. तपासून झालेली नाणी पुन्हा बाजारात फिरवा, नाहीतर घरातले वैतागतील.

तपासायची पद्धत

एकेक नाणं लूपखाली धरून बसू नका, डोळे जातील. आधी टेबलावर कापड पसरून सगळी सिंहाची बाजू वर करून ओळीत मांडा आणि नुसती नजर फिरवा. मधली चकती सरकलेली, कडं एकीकडे जाड, रंग वेगळा, साइझ मोठी, हे सगळं ह्या पहिल्या नजरेतच कळतं. मग प्रत्येक नाणं वरची आणि खालची कड चिमटीत धरून पुस्तकाचं पान उलटल्यासारखं उलटा. आपल्या नाण्यांत दोन्ही बाजू एकाच दिशेला सरळ असतात, म्हणजे असं उलटल्यावर मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. तिरकी दिसली तर वेगळं काढा. ह्या दोन चाळण्यांतून जे उरेल तेच लूपखाली आणि काट्यावर घ्यायचं.

चकती आणि कड्याचे एरर

दोन धातूंच्या नाण्याची खरी मजा इथे आहे, बाकीचे प्रकार एका धातूच्या नाण्यातही मिळतात.

सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे सरकलेली चकती. प्रेसमध्ये चकती भोकात नीट पडलीच नाही, अर्धवट कड्यावर चढून राहिली आणि तशीच ठोका बसला. एका बाजूला पांढरा धातू कड्यावर पसरलेला आणि समोरच्या बाजूला चंद्रकोरीसारखी फट किंवा विचित्र खळगा. युरोपात दोन युरोच्या अशा नाण्याला जर्मन लोक हाफ फ्राय अंड्याचं नाव देतात, आणि बघितल्यावर पटतं. अस्सल आहे की नाही हे बघायचं तर जिथे एक धातू दुसऱ्यावर चढलाय तिथे लूप लावा. त्या चढलेल्या भागावर नक्षी सलग उमटलेली पाहिजे, अक्षराची किंवा किरणाची रेघ एका धातूवरून दुसऱ्यावर न तुटता गेली पाहिजे, कारण ठोका बसला तेव्हा धातू आधीच त्या जागी होता. घरी हातोडीने चकती सरकवली असेल तर नक्षी तिथेच तुटते, चेपते, आणि पांढऱ्या भागावरचा सिंह चकतीबरोबर अख्खाच्या अख्खा सरकलेला दिसतो. खऱ्या एररमध्ये सिंह नाण्याच्या मध्यावरच असतो, सरकलेली असते ती फक्त चकती. हा फरक एकदा डोक्यात बसला की फसवाफसवीचा मोठा भाग तिथेच संपला.

दुसरा प्रकार, चकती नसलेलं कडं. वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास. इथे ढोंग करणं सोपं आहे कारण चांगल्या नाण्यातून चकती ठोकून काढली की झालं कडं तयार. म्हणून भोकाची आतली कड बघा. चकतीशिवाय ठोका बसला असेल तर कड्याच्या धातूला आत रोखायला काही नव्हतं, तो आतल्या बाजूला सरकतो, भोक लहान आणि किंचित वेडंवाकडं होतं, आतली कड गोलसर दिसते. नंतर काढलेल्या चकतीच्या कड्यात भोक एकदम मापात, आतली भिंत उभी, आणि बऱ्याचदा त्या भिंतीवर चकती रुतून बसलेल्याची खूण किंवा ओरखडे. उलट प्रकार म्हणजे कड्याशिवाय ठोकलेली चकती, ती बाहेरच्या बाजूला पसरून ठरलेल्या मापापेक्षा मोठी आणि पातळ होते. बरोब्बर मापात असलेली, नीट चिरलेल्या कडेची सुटी चकती कुणी एरर म्हणून दाखवली तर ती बहुधा निखळलेली आहे. निखळणं होतं बरं का, कॅनडाने १९९६ ला दोन डॉलरचं नाणं काढलं तेव्हा सुरुवातीच्या काही नाण्यांतल्या चकत्या निसटल्या आणि लोक नाणी फ्रीजरमध्ये ठेवून, हातोड्या मारून प्रयोग करत बसले. तुम्ही असले प्रयोग करू नका, २०११ च्या कॉइनेज कायद्याने नाणं वितळवणं, नष्ट करणं हा गुन्हा आहे.

मग फटवाले. चकती कापताना पत्र्याची कड किंवा आधीच्या भोकाचा भाग मधे आला तर चकतीचा एक तुकडा कमी पडतो आणि कड्यात बसल्यावर एका बाजूला उघडी फट राहते. वजन थोडं कमी भरतं. फटीच्या जवळ नक्षी उताराला लागल्यासारखी मऊ होत गेलेली असते. कुणी ड्रिलने भोक पाडलं असेल तर नक्षी धारदारपणे कापलेली दिसते आणि कडेला धातूची बारीक कुस असते. कड्याचं भोकच मध्यावर नसेल तर एकीकडे जाड एकीकडे बारीक असं कडं मिळतं, थोडासा फरक खूप नाण्यांत असतो, त्याला काही किंमत नाही, पहिल्या नजरेत खटकेल इतका असेल तरच ठेवा.

एकाच धातूचं दहाचं नाणं म्हणजे चुकीच्या कोऱ्या तुकड्यावर पडलेला ठोका. असं काही हाती आलं तर आनंदाने उड्या मारण्याआधी वजन करा, चुंबक लावा, आणि त्याच सालाच्या त्याच टाकसाळीच्या साध्या नाण्याशी ताडून बघा. मुलामा दिलेली नाणी फार फिरतात. मुलाम्याने रंग बदलतो पण चकती आणि कड्यामधली गोल रेघ लूपखाली दिसतेच.

फिरलेला डाय

आपल्याकडे हा सगळ्यात जास्त सापडणारा एरर, लोक ‘रोटेट’ म्हणतात. एक डाय प्रेसमध्ये ढिला होऊन फिरतो आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत नाणी पडत राहतात. म्हणजे एकाच साल-टाकसाळीची अशी अनेक नाणी बाजारात असतात, तुमचं एकमेव आहे असं समजू नका. मोजायचं कसं, तर नाणं चौकोनी पुठ्ठा होल्डरमध्ये (मधे पारदर्शक खिडकी असलेला, नाणी ठेवायचा) सिंह एकदम सरळ करून बसवा, होल्डरच्या वरच्या कडेला मधोमध पेनाने खूण करा, होल्डर पानासारखा उलटा, आणि कोनमापक ठेवून आकड्याची बाजू त्या खुणेपासून किती अंश फिरलीये ते वाचा. घड्याळाच्या दिशेने की उलट तेही लिहा. दहा-पंधरा अंशांपर्यंतचं कुणी विचारत नाही. ९० च्या पुढे लोक बघायला लागतात, १८० ला मागणी चांगली.

दोन धातूंच्या नाण्यात एक जास्तीची भानगड आहे. काही जण चकती ठोकून काढतात, फिरवून किंवा चक्क उलटी करून परत बसवतात आणि एरर म्हणून विकतात. खऱ्या फिरलेल्या डायमध्ये एका बाजूची चकती आणि कडं दोन्ही मिळून फिरतात कारण डाय एकच असतो. एकाच बाजूवर चकतीवरची नक्षी एका दिशेला आणि कड्यावरची अक्षरं दुसऱ्या दिशेला असं दिसलं तर ते नक्की कुणाच्या तरी गॅरेजमध्ये बनलंय, टाकसाळीत तसं होऊच शकत नाही. ह्यावर वाद घालत बसू नका, नाणं परत द्या आणि पुढे चला.

बाकीचे

ऑफ सेंटर म्हणजे अख्खी जोडीच कॉलरच्या बाहेर राहून ठोकली गेली, नक्षी एका बाजूला सरकली आणि उरलेला भाग कोरा. साल आणि मिंटमार्क दिसत असेल तर जास्त चांगलं. कॉलर वर आलीच नाही तर नक्षी मध्यावर पण नाणं पसरट, व्यास २७ पेक्षा जास्त आणि कड सपाट, इथे कॅलिपर काढा. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं आणि पुढच्या कोऱ्या जोडीवर त्याचाच उलटा ठसा खोलगट उमटला तर जुने संग्राहक त्याला लखी म्हणतात, दोन धातूंत ती मिळाली तर जपून ठेवा. डायला तडा गेला की नाण्यावर बारीक उंच रेघ येते, उंच हे लक्षात ठेवा, खोल असेल तर तो ओरखडा. डायचा काठाकडचा तुकडाच पडला तर तिथे बिनानक्षीचा फुगवटा.

आणि अक्षरं दुहेरी दिसणारी नाणी, ह्याच्याबद्दल सगळ्यात जास्त फोटो येतात. ठोक्यानंतर डाय जरासा घसरला की अक्षराच्या बाजूला चपटी, पायरीसारखी सावली पडते. हे अतिशय कॉमन आहे आणि बिनकिमतीचं. खरा दोनदा पडलेला ठोका असेल तर दुसरी नक्षी पण गोलाई असलेली, पूर्ण उंचीची असते.

खोटं नाणं आणि एरर

दहाची बनावट नाणी पकडली गेलीत, त्यामुळे हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. बनावट नाण्यात चकती ढिली, अक्षरं पुसट, दाते विषम, वजन भलतंच, आणि नवख्याला हे सगळं एररसारखं दिसतं. माझा ठोकताळा असा: एररमध्ये एखादी गोष्ट चुकलेली असते आणि बाकी सगळं टाकसाळीच्या दर्जाचं असतं, बनावटीत सगळंच थोडं थोडं चुकलेलं असतं. बनावट आहे हे कळल्यावर ते चालवणं किंवा विकणं गुन्हा आहे.

ठेवायचं कसं

धुवू नका. चिंच, कोलगेट, ब्रासो, काहीही लावू नका, चकाकी येते आणि गिऱ्हाईक जातं. कडेने धरा. मऊ पीव्हीसी पाकिटं काही वर्षांनी हिरवा चिकट थर सोडतात, त्यापेक्षा पुठ्ठा होल्डर किंवा २७ मिमीची कॅप्सूल. पुठ्ठा होल्डरला मारलेल्या स्टेपलरच्या पिना पक्कडीने चपट्या करा नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडे. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल हवीच. होल्डरवर लिहा: साल, टाकसाळ, वजन, व्यास, एररचा प्रकार, कोन असेल तर कोन, आणि कुठून आलं. शेवटची गोष्ट लोक लिहीत नाहीत आणि नंतर पस्तावतात, बँकेच्या सीलबंद पिशवीतून निघालेलं नाणं आणि अनोळखी माणसाकडून घेतलेलं नाणं ह्यात विश्वासाचा फरक असतो.

घेणं-विकणं

ऑनलाइन जाहिरातीत लिहिलेली किंमत ही किंमत नसते, ती मागणी असते. खरोखर विकलं गेलेलं बघायचं तर लिलावांचे निकाल चाळा, मुंबईतले टोडीवाला, ओसवाल वगैरेंचे लिलाव नियमित होतात. घेताना दोन्ही बाजूंचे, कडेचे आणि काट्यावर ठेवलेला असे फोटो मागा, जो काट्यावरचा फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

विकताना कुणी ‘आरबीआयची फी भरा, जीएसटी भरा, मग पैसे मिळतील’ म्हणाला तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये ह्याबद्दल जाहीर इशारा दिलाय, बँक असल्या व्यवहारात पडत नाही आणि कुणाला फी गोळा करायला नेमलेलं नाही.

एनजीसी, पीसीजीएस सारख्या कंपन्या एरर तपासून सीलबंद करून देतात, पण खर्च आणि पाठवणीची कटकट बघता बारीकसारीक रोटेट आणि तडे त्यांच्याकडे पाठवण्यात अर्थ नाही. सरकलेली चकती, चकतीविना कडं, लखी असलं काही असेल आणि विकायचंच असेल तर पाठवा, आणि त्याआधी काट्यावरच्या वजनासकट सगळे फोटो स्वतःकडे काढून ठेवा.